राजीनाम्यात राजी कोण असतं?

माझ्या राजीनाम्याचे चार मसुदे अजून मेलच्या ड्राफ्ट्समध्ये पडून आहेत. पहिला एकवीस ओळींचा आहे आणि शेवटचा पाच ओळींचा. पंधरा दिवसांत या मजकुरातून काय काय गळत गेलं, ते इथे लिहायचं आहे. आपण कविता-कादंबऱ्यांची समीक्षा करतो. पण आपल्यातले बहुतेक जण कविता लिहीत नाहीत. राजीनामा मात्र कधी ना कधी लिहितातच. तो मजकूर कुणी नीट वाचलाय असं मला तरी दिसलं नाही. म्हणून ही समीक्षा एका मेलची आहे.

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी चार वर्षं टेस्टिंग करत होते. दुसरीकडे ऑफर मिळाली, पगार बरा होता, काम आवडीचं होतं. नव्वद दिवसांची नोटीस होती. मी मेल पाठवला. दुपारी मॅनेजरने मीटिंग रूममध्ये बोलावलं.

"मी हे अ‍ॅक्सेप्ट करत नाहीये," ते म्हणाले. "जूनमध्ये रिलीज आहे. क्लायंट मला सोडणार नाही, मग मी तुला कसा सोडू?"

मी "ओके सर" म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. संध्याकाळी पोर्टलवर माझ्या अर्जापुढे लाल अक्षरांत शब्द आला होता: रिजेक्टेड. मासिकांकडून कविता साभार परत येतात हे मला अनुभवाने माहीत होतं. राजीनामाही साभार परत येतो हे पहिल्यांदा कळलं.

त्या रात्री मी पहिला मसुदा परत वाचला, पहिल्यांदाच वाचक म्हणून. तो इंग्रजीत होता, जसा सगळ्यांचा असतो. कुठूनतरी उचलून, नाव आणि तारीख बदलून पाठवलेला. त्यात 'थँकफुल' तीन वेळा होतं. 'रिक्वेस्ट' दोन वेळा होतं. 'होप यू विल अंडरस्टँड' एकदा होतं. आणि मुख्य वाक्य असं होतं: 'आय रिक्वेस्ट यू टू अ‍ॅक्सेप्ट माय रेझिग्नेशन अँड रिलीव्ह मी.' एकवीस ओळींत मी स्वतः करत असलेली एकच गोष्ट होती, विनंती. बाकी सगळं समोरच्याने करायचं होतं. स्वीकारायचं त्याने, समजून घ्यायचं त्याने, सोडायचंही त्यानेच. एखाद्याने हे पत्र वाचून "नाही" म्हटलं, तर त्याने पत्राचा अर्थ बरोबरच लावला म्हणायचा.

हे वळण आपल्याला कुठून लागलं? मला शाळेतलं पत्रलेखन आठवलं. विनंतीपत्र, मागणीपत्र, तक्रारपत्र. 'दोन दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती.' 'आपली कृपाभिलाषी.' मागायचं कसं हे आपल्याला पाचवी-सहावीपासून शिकवलं गेलं. 'मी जात आहे' एवढंच कळवणारं पत्र कुठल्याच इयत्तेत नव्हतं. त्यामुळे मोठं झाल्यावर जायची वेळ आली की आपण हात आपोआप जोडतो आणि रजेच्या अर्जाच्या साच्यात राजीनामा लिहितो.

मी वैतागून गावी काकांना फोन केला. काका तलाठी म्हणून निवृत्त झालेत. त्यांना म्हटलं, "काका, कंपनी राजीनामा घेत नाहीये."

ते हसले. "अगं, राजीनामा घ्यायचा नसतो, द्यायचा असतो. आमच्या जुन्या दप्तरात जमिनीचे राजीनामे असायचे, माहितीये का तुला?"

मला माहीत नव्हतं. राजीनामा हा शब्द फारसीतून आला. राजी म्हणजे संमत आणि नामा म्हणजे कागद. हिंदीत या शब्दाचा अर्थ आजही मुख्यतः तडजोडीचा, समझोत्याचा कागद असाच आहे. नोकरी सोडण्यासाठी तिकडे 'इस्तीफा' आहे. मराठीत मात्र तो नोकरी सोडण्याचा शब्द झाला. मधला दुवा काकांच्या दप्तरात आहे. इंग्रजी अमदानीतल्या मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत होती. सरकारकडून जमीन कसणारा खातेदार लेखी कळवून ती जमीन सोडू शकत असे. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात त्याची रीतसर तरतूद होती. जमीन सोडणाऱ्याच्या कागदाला राजीनामा म्हणत आणि ती नव्याने घेणाऱ्याच्या कागदाला कबुलायत. एकाने राजीखुशीने सोडल्याचं लिहून द्यायचं, दुसऱ्याने घेतल्याचं कबूल करायचं.

या जोडीकडे जरा नीट बघा. राजीनाम्यातला 'राजी' हा सोडणारा आहे. माझ्यावर जबरदस्ती झालेली नाही, मी माझ्या मर्जीने सोडतो आहे, असं तो सांगतोय. संमती त्याची आहे. आपण मात्र हा शब्द उलटा वाचायला लागलो. आज राजीनाम्यात राजी व्हायचं असतं ते साहेबांनी. शब्द तोच राहिला आणि त्यातला कर्ता बदलला.

याला कायद्यातही एक धागा आहे, तो सोपा करून सांगते. राजीनामे दोन जातींचे असतात. एक एकतर्फी, दिला की झाला. दुसरा दुतर्फी, समोरच्याने स्वीकारल्यावरच पुरा होणारा. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपतींना उद्देशून सहीचं पत्र देतात आणि पद सोडतात. तिथे स्वीकृतीची गरज नाही. आमदाराचं तसं नाही. १९७४च्या घटनादुरुस्तीनंतर तो राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे का, हे अध्यक्षांनी पाहायचं असतं. सरकारी नोकरीतही स्वीकृती लागते. म्हणजे "राजीनामा कुणीही कधीही फेकावा" असं काही नाही, नियम बघावे लागतात.

पण खासगी नोकरीत, करारातच 'इतक्या दिवसांची नोटीस देऊन कुणीही करार संपवू शकतो' असं लिहिलेलं असेल, तर गोष्ट वेगळी होते. मी माझं अपॉइंटमेंट लेटर चार वर्षांनी पहिल्यांदा वाचलं. त्यात हेच कलम होतं, आणि 'कुणीही' या शब्दात मी होते. एअर इंडियातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क मानला आहे. नियमांत तशी अट नसेल किंवा शिस्तभंगाची कारवाई चालू नसेल, तर कुणाला मनाविरुद्ध कामावर राहायला लावता येत नाही. नोकरीचा करार मोडला तर कंपनी भरपाई मागू शकते. 'तू याच खुर्चीत बस' असा हुकूम मात्र न्यायालयाकडून तिला सहसा मिळत नाही.

मग प्रश्न राहतो: कायदा इतका आपल्या बाजूने असेल, तर आपण इतके घाबरतो का?

मी साहित्यात उत्तर शोधायला गेले, कारण मला दुसरीकडे कुठे शोधायचं ते येत नाही. नोकरी न मिळण्याच्या आणि नोकरी जाण्याच्या कथा पुष्कळ आहेत. नोकरी सोडण्याच्या कमी आहेत, आणि सोडू न देण्याच्या तर फारच कमी. ऑफिसातला नकार म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो हर्मन मेल्व्हिलच्या १८५३च्या कथेतला बार्टलबी. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका वकिलाकडे तो कागदांच्या नकला करायला असतो. एके दिवशी तो एक काम करायला सौम्यपणे नकार देतो, मग दुसरं, मग सगळंच. मालक त्याला काढतो तरी तो जात नाही. शेवटी मालकच ऑफिस बदलतो. बार्टलबी तुरुंगात जातो आणि तिथेच मरतो.

आमच्या पिढीने बार्टलबीला जवळजवळ पोस्टरवर चढवलंय. टी-शर्टवर, मगवर त्याचं वाक्य असतं. मला या वेळी वाचताना तो आदर्श वाटेना. एक तर तो सोडत नाही. तो काम नाकारतो आणि जागा धरून बसतो. त्याला जायला दुसरं ठिकाणच नाही. दुसरं, ही कथा सांगतो कोण? मालक. तो बरा माणूस आहे, कनवाळू आहे, गोंधळलेला आहे, आणि आपण पूर्ण कथाभर त्याच्याच बाजूला बसून बार्टलबीकडे बघतो. बार्टलबीने स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्याला दिसत नाही. नोकरदाराच्या जाण्याची गोष्ट त्याच्या मालकाने लिहायची, ही रीत १८५३ची असली तरी जुनी झालेली नाही. तिचं आजचं रूप म्हणजे रिलिव्हिंग लेटर. त्यावर पुढे येते.

मराठीत याच्या अगदी उलट माणूस आहे, भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील. १९७५ ते १९७९ या काळात आलेल्या 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' या कादंबऱ्यांत हा इंग्रजीचा प्राध्यापक एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात जात राहतो. संस्थाचालक, जातीचं राजकारण, गटबाजी हे सगळीकडे तेच. त्याचं सोडणं म्हणजे विजय नाही, हे नेमाडे चांगलं दाखवतात. पण मी या वेळी वाचताना अडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. बिढार हा शब्दच उचलून नेण्याच्या संसाराचा आहे. चांगदेव सामान बांधतो आणि निघतो. त्याच्या जगात निघून जाणं ही शरीराने करायची गोष्ट आहे. आज मी लॅपटॉप जमा केला, बसने घरी आले, तरी मी निघालेली नसते. माझी एक प्रत मागच्या कंपनीच्या सर्व्हरवर अडकलेली असते, आणि तिला सोडवणारा कागद दुसऱ्याच्या हातात असतो.

तो कागद म्हणजे रिलिव्हिंग लेटर. सरकारी मराठीत याला कार्यमुक्ती म्हणतात. ऐकायला चांगला शब्द आहे, मोक्षासारखा. पण मला त्याचं खरं मराठी भाषांतर वेगळं वाटतं: सोडचिठ्ठी. 'सोडणे' हे आपलं क्रियापद बघा. "मी नोकरी सोडली" यात कर्ता मी. "कंपनी मला सोडत नाही" यातही तेच क्रियापद, पण आता मी कर्म. दावणीचं जनावर सोडतात तसं. आणि सोडचिठ्ठी हा शब्द गावात ज्या अर्थाने वापरला गेला, त्यात ती बहुतेकदा नवऱ्याने द्यायची आणि बाईने घ्यायची वस्तू होती. ती मिळाली नाही तर बाई माहेरी राहत असली तरी सुटलेली नसायची. तिचं दुसरं लग्न अडायचं.

माझी शाळेतली एक मैत्रीण नर्स आहे. तिच्या हॉस्पिटलने नेमणुकीच्या वेळी तिची मूळ प्रमाणपत्रं 'सेफ कस्टडी' म्हणून ठेवून घेतली होती. नोकरी सोडते म्हटल्यावर दीड वर्ष ती परत मिळाली नाहीत. तिला कुणी कोंडलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी घरी जात होती. फक्त ती नर्स आहे हे सिद्ध करणारा कागद दुसऱ्याच्या कपाटात होता.

आता या मजकुराचा वाचक कोण, ते पाहू. समीक्षेत हा प्रश्न नेहमी उपयोगी पडतो. रिलिव्हिंग लेटरवर नाव माझं असतं, पण ते माझ्यासाठी लिहिलेलं नसतं. त्याचा वाचक आहे पुढची कंपनी. मला आधीच माहीत असतं की मी कधी गेले. तिला ते जुन्या मालकाच्या तोंडून ऐकायचं असतं. म्हणजे मॅनेजरची ताकद त्याच्या 'रिजेक्टेड' बटणात नाही, तर जी कंपनी मला हसतमुखाने बोलावते आहे तिच्या चेकलिस्टमध्ये आहे. माझ्या पंधरा दिवसांच्या चिडचिडीत हे मला सगळ्यात उशिरा कळलं. जुना मालक मला धरून ठेवू शकतो, कारण नवा मालक त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि माझ्यावर ठेवत नाही. आपण सगळा राग मागच्या दारावर काढतो, आणि कुलूप असतं पुढच्या दाराला.

कागदाने आणि पैशाने माणूस बांधायची ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १८५९चा एक कायदा होता. आगाऊ पैसे घेऊन काम अर्धवट टाकणाऱ्या कामगाराला मॅजिस्ट्रेट पैसे परत कर किंवा काम पूर्ण कर असं सांगू शके, आणि न ऐकल्यास तुरुंगात टाकू शके. हा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला. पण बीडच्या ऊसतोड कामगाराला 'उचल' म्हणजे काय ते विचारा. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतली की नवरा-बायकोचा एक कोयता होतो, आणि उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आखातात गेलेल्या रत्नागिरीकरांना 'एनओसी' हा शब्द इंग्रजी शाळेत न जाताही पाठ असायचा. नोकरी बदलायला आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागणं कतारने २०२० मध्ये बंद केलं. एसीत बसून तक्रार करणारी मी आणि फडातली बाई एकाच दुःखात आहोत, असं म्हणायची माझी हिंमत नाही. तिच्याजवळ पर्याय नसतो, माझ्याजवळ ऑफर होती. पण 'ट्रेनिंग बाँड', 'जॉइनिंग बोनस परत करा' हे वाचताना मला उचलीचा वास येतो, आणि तो झाकावा असं वाटत नाही.

समोरच्या पक्षाचंही ऐकायला हवं, नाहीतर ही समीक्षा एकतर्फी राजीनाम्यासारखी होईल. कंपनी खरोखरच खर्च करते. माणूस मध्येच गेला की त्याचं काम उरलेल्यांच्या गळ्यात पडतं; मी गेल्यावर माझ्या शेजारच्या मुलाने दोन शनिवार भरले, हे मला माहीत आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा बाँड वैध धरला. तीन वर्षं पूर्ण होण्याआधी सोडलं तर दोन लाख रुपये द्यायचे, अशी ती अट होती. न्यायालयाच्या मते, या अटीमुळे पुढची नोकरी करायला बंदी होत नव्हती. निकाल तुम्हाला आवडो न आवडो, त्यातली एक रेघ मला महत्त्वाची वाटते. त्या माणसाने पैसे भरले आणि तो गेला. वाद त्या पैशांचा होता, जाण्याच्या परवानगीचा नव्हता.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. नोकरी सोडताना आपलं देणं असतं. नोटीसचे दिवस असतात, हँडओव्हर असतो, लिहून दिलं असेल आणि ते वाजवी असेल तर पैसे असतात. ते फेडावं. पण देणं आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले राजीनामे या दोन्ही एकाच वाक्यात कोंबतात. 'रिक्वेस्ट यू टू रिलीव्ह मी' असं लिहिलं की देणं फेडूनही आपण परवानगीची वाट बघत उभे राहतो.

दुसऱ्या मसुद्यात मी कारणं काढली. घरची अडचण, पुढचं शिक्षण, वगैरे. ती अर्धी खोटी होती, आणि कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो. तिसऱ्यात कृतज्ञता काढली. याचं मला थोडं वाईट वाटलं, कारण मॅनेजरकडून मी खरंच शिकले होते. ते मी त्यांना नंतर कँटीनमध्ये तोंडाने सांगितलं. चौथ्यात 'रिक्वेस्ट' काढलं. हे सगळ्यात अवघड गेलं. तो शब्द पुसून मी दोनदा परत टाकला. माझ्या बोटांना त्याच्याशिवाय वाक्य उद्धट वाटत होतं.

उरल्या पाच ओळी. मी अमुक तारखेला राजीनामा दिला आहे. करारातल्या अमुक कलमाप्रमाणे माझा शेवटचा दिवस अमुक आहे. तोपर्यंत मी पूर्ण काम करेन. हँडओव्हरची यादी जोडली आहे. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि आयडी जमा करेन, त्याची पोच द्यावी. हिशोब आणि सेवेचं पत्र वेळेत मिळेल अशी अपेक्षा आहे. हा मेल मी एचआरलाही पाठवला आणि एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवली.

मॅनेजर आठवडाभर बोलले नाहीत. पोर्टलवर 'रिजेक्टेड' शेवटपर्यंत तसंच राहिलं. मी नव्वद दिवस रोज गेले. एक्क्याण्णवाव्या दिवशी गेले नाही.

नव्या कंपनीच्या एचआरला मी सगळं खरं सांगितलं: पत्र मिळालेलं नाही, कधी मिळेल माहीत नाही, हे दोन मेल, ही लॅपटॉपची पोच, या सॅलरी स्लिप्स. फोन करताना माझा आवाज कापत होता, कारण इथे त्या नाही म्हणाल्या असत्या तर वरची सगळी समीक्षा बिनपगारी ठरली असती. पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "चालेल, आल्यावर अपलोड कर." प्रत्येकीला असं उत्तर मिळेल असं नाही. पण त्या एका वाक्याने जुन्या कंपनीचा सगळा धाक संपला, म्हणून मला वाटतं की हा प्रश्न सुटायचा असेल तर याच टेबलावर सुटेल. तुमच्यातले काही जण उद्या लोकांना कामावर घ्यायच्या खुर्चीत बसाल. समोरच्याकडे सोडचिठ्ठी मागण्याआधी क्षणभर थांबा.

रिलिव्हिंग लेटर सात आठवड्यांनी आलं. दोन परिच्छेद, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, शेवटी भावी वाटचालीसाठी शुभेच्छा. त्यानंतर एका रात्री मी पीएफच्या पोर्टलवर गेले. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की ती तारीख सदस्याला स्वतःच भरता येते. आधारचा ओटीपी आला, मी तारीख निवडली आणि बटण दाबलं. तिथे कुणाच्या मंजुरीचा रकाना नव्हता.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झाला की मग राजीनामा." मी पोर्टलचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. लेटर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते शोधावं लागेल.